दोन टक्के आणि डोंगऱ्या देव

मार्गशीर्षात बागलाण तालुक्यातल्या सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. आरम नदीकाठी गर्दी उसळते, रथ निघतो, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं लोटतात. ज्यांच्या नावानं हे सगळं होतं ते यशवंत महादेव भोसेकर इंग्रजी अमदानीतले मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सटाण्याची सरकारी तिजोरी उपाशी लोकांसाठी उघडली. एक लाख सत्तावीस हजार रुपये वाटले, असं बागलाणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तपासणीला अधिकारी आले तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या कथेत माणसांच्या बाजूनंही बरंच आहे. मामलेदार म्हणजे गावोगाव फिरणारा, कुठल्या घरात चूल पेटते आणि कुठल्या घरात पेटत नाही हे ठाऊक असणारा अधिकारी. संस्थेचा पैसा हाताशी आणि माणसांची खरी माहिती डोक्यात, या दोन गोष्टी तिथं एकाच माणसाजवळ होत्या.

आज ग्रामीण भागात येणाऱ्या पैशाचा एक मोठा ओघ कंपन्यांच्या तिजोरीतून निघतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका तरी रेषेला पोचतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. यालाच सगळे ‘सीएसआर’ म्हणतात. देशभरात या मार्गानं अलीकडे वर्षाला २५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होतो आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सगळ्या राज्यांत मोठा असतो. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो.

पैसा आला. तो कुठं आणि कसा जावा हे ठरवायला मात्र गावातल्या माणसांची समज लागते आणि ती ताळेबंदात सापडत नाही. कंपनीच्या आतही तोच प्रश्न उभा असतो. पगार वेळेवर होतो, कँटीन आहे, बस आहे, तरी माणसं का सोडून जातात? काही कामगारांना हा कारखाना आपला का वाटत नाही? बाहेर दान आणि आत आपलेपणा, ही दोन कामं कंपनीत बहुधा दोन वेगळ्या टेबलांवर असतात. दोन्हींना लागणारं कौशल्य मात्र एकच आहे, आणि ते ज्या शास्त्रात रीतसर शिकवलं जातं ते म्हणजे मानवशास्त्र. म्हणूनच जगातल्या काही मोठ्या कंपन्यांनी मानवशास्त्र शिकलेल्या माणसांना नोकरीवर घेतलं. आपल्याकडेही या विद्येला आता अशा कामाची वाट दिसू लागली आहे.

खोलीच्या कोपऱ्यात बसलेला निरीक्षक

मानवशास्त्राची मूळ रीत साधी आणि कष्टाची आहे. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात जाऊन राहायचं, त्यांची भाषा शिकायची, त्यांच्या पंगतीला बसायचं, बघायचं, विचारायचं आणि रोज रात्री टिपणं लिहून काढायची. ब्रॉनिस्लाव मॅलिनॉवस्कीनं पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिएंड बेटांवर हे केलं आणि ती या शास्त्राची वहिवाट होऊन बसली. हीच रीत कारखान्यात पोचली ती शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथं.

वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात टेलिफोनची यंत्रसामग्री बनायची. उजेड वाढवला तर उत्पादन वाढतं का, या प्रश्नापासून १९२४ मध्ये तिथं प्रयोग सुरू झाले. पुढं एल्टन मेयो या कामात आले आणि त्यांच्या ओळखीनं डब्ल्यू. लॉइड वॉर्नर हा तरुण मानवशास्त्रज्ञ आला. वॉर्नर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आदिवासींमध्ये राहून नुकताच परतला होता. त्याचा सल्ला असा होता की, कामगारांच्या टोळीकडंही एखाद्या जमातीकडं बघावं तसं बघा. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तारा जोडणारे नऊ, झाळकाम करणारे तीन आणि तपासनीस दोन अशा चौदा माणसांना एका खोलीत बसवलं. कोपऱ्यात एक निरीक्षक बसला. त्यानं कामात ढवळाढवळ करायची नाही, हुकूम द्यायचा नाही, फक्त नोंदी करायच्या.

जे दिसलं ते व्यवस्थापनाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. जास्त काम केल्यास जास्त पैसे मिळतील अशी मजुरीची पद्धत होती, तरी दिवसाला दोन संच एवढंच काम ‘रास्त’, असं त्या चौदा जणांनी आपसांत ठरवलेलं होतं. कुणी जास्त वेगानं हात चालवला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा मारायचा. फार कमी काम करणाराही टोळीला चालत नसे, आणि साहेबाकडं चुगली करणारा तर मुळीच नाही. खोलीत पुढच्या बाजूचे आणि मागच्या बाजूचे असे दोन गट पडले होते. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरूनही त्यांची वादावादी होई. मंदीचे दिवस होते. काम लवकर संपवलं तर आपल्यातल्याच कुणाची तरी नोकरी जाईल, ही भीती त्या अलिखित नियमांच्या मुळाशी होती. मजुरीचा दर बदलून हे सुटणारं नव्हतं. ते आधी दिसायला हवं होतं, आणि दिसायला कुणीतरी शांतपणे तिथं बसायला हवं होतं.

पुढच्या काळात हीच वाट झेरॉक्स कंपनीत लूसी सचमन आणि ज्युलियन ऑर यांनी चालवली. ऑर स्वतः आधी तंत्रज्ञ होता. कॉपियर दुरुस्त करणाऱ्या कामगारांबरोबर तो हिंडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की, ही माणसं अवघड बिघाड सोडवतात ते कंपनीच्या जाडजूड पुस्तिकेवरून कमी आणि न्याहारीच्या टेबलावर एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवरून जास्त. बाहेरून जो वेळ वाया गेलेला वाटत होता, त्यातच कामाचं ज्ञान होतं. जेनेव्हीव्ह बेल १९९८ मध्ये इंटेल कंपनीत गेली. तिचं बालपण मानवशास्त्रज्ञ आईबरोबर मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत गेलं होतं. चिप बनवणाऱ्या अभियंत्यांना तिनं जगभरच्या घरांत लोक यंत्रं खरोखर कशी वापरतात हे दाखवलं.

धोट्याचा दोरा

कामाच्या जागी कोण आपला आणि कोण परका, हा प्रश्न मराठी मुलखाला परका नाही. मुंबईच्या गिरण्यांत तो एका दोऱ्यावर येऊन ठेपला होता. त्या काळच्या साच्यावर, म्हणजे मागावर, धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. सवर्ण कामगारांचं म्हणणं असं की, अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. परिणामी दलित कामगार रिंगखात्यात चालत, साच्यांवर त्यांना जागा नव्हती. आणि चांगली मजुरी होती ती साच्यांवरच. गिरणीच्या नियमावलीत अशी बंदी कुठं लिहिलेली नव्हती. ती खात्याच्या दाराशी, पाण्याच्या वेगळ्या माठाशी आणि धोट्याच्या छिद्राशी उभी होती.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा थेट संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्य कामगारांना विणकामाचं खातं खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल तर आमची माणसं संपात का राहतील, हा त्यांचा सवाल होता. ती मागणी यादीत घ्यावी लागली. आज ‘विविधता’ आणि ‘समावेशन’ या शब्दांची भित्तिपत्रकं कार्यालयांत लागतात. त्या भित्तिपत्रकांच्या कितीतरी आधी एका मराठी माणसानं कामाच्या जागेचं इतकं नेमकं निरीक्षण करून त्यावर हक्काची मागणी उभी केली होती. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध वाचला होता, तोही अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात.

त्याआधी जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली, ती १८९० मध्ये मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तो मोकळा हवा, असा त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा होता. साहेबाच्या चर्चचा दिवस त्यांनी कामगाराच्या दैवताच्या बाजूनं मागून घेतला. कामगार कुठल्या देवाला मानतो, त्याचा आठवडा कसा चालतो, हे ठाऊक असलेला माणूसच अशी मागणी करू शकतो.

मालकांच्या बाजूनंही काही जण माणसांचा वेगळा विचार करत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. त्या किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता, आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रखवालीचं काम दिलं गेलं. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती किल्ल्या आल्या.

इरावतीबाईंची प्रश्नावली

महाराष्ट्रात मानवशास्त्राला मोठं केलं ते इरावती कर्वे यांनी. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्म, मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली शिक्षण, बर्लिनमध्ये डॉक्टरेट आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन. बर्लिनमध्ये त्यांच्या मार्गदर्शकाला कवटीच्या मोजमापांतून गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व दिसेल अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसं काही दिसत नाही, असं आपल्या प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाला काय हवं आहे ते बाजूला ठेवून समोर जे आहे ते लिहिणं, हा या पेशाचा कणा. कंपनीत बसणाऱ्या मानवशास्त्रज्ञाला तर त्याची रोजच कसोटी.

‘युगान्त’ या पुस्तकामुळे इरावतीबाई घराघरांत पोचल्या, पण या विषयाच्या दृष्टीनं त्यांचं दुसरं एक काम जास्त जवळचं आहे. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचं पुढं काय झालं, याची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केला. धरण झालं, वीज आली, मोबदल्याचे आकडेही होते. पाहणीनं विचारलं ते वेगळंच. कोण कुठं गेलं? भावकी एकत्र राहिली की विखुरली? नव्या गावात यांना कोण विचारतं? घर आणि जमीन यांचा हिशेब मांडता येतो. सोयरे, शेजार, देवस्थान आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसं यांचा मांडलेला नसतो, आणि माणूस उभा राहतो तो बहुतेक त्यांच्या आधारानं. मोठ्या प्रकल्पाचा माणसांवर काय परिणाम झाला हे नंतर जाऊन बघण्याचं महाराष्ट्रातलं हे सुरुवातीचं काम.

आता तर कायद्यानंच असं बघायला सांगितलं आहे. २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनुसार, ज्या कंपनीचं सीएसआरचं सरासरी बंधन १० कोटी रुपये किंवा अधिक आहे तिला एक कोटी किंवा त्याहून मोठ्या खर्चाच्या प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. किती शौचालयं बांधली, किती दप्तरं वाटली, यापलीकडं जाऊन त्यांनी काय बदललं हे सांगावं लागतं. हे काम करणाऱ्याला आकडे तर हवेतच, पण शौचालयात सरपण का रचलेलं आहे हे त्या घरातल्या बाईशी बोलून समजून घेण्याची रीतही हवी.

नागपाड्यापासून थरमॅक्सपर्यंत

समाज समजून घेण्याची विद्या आणि उद्योगाचा पैसा यांची रीतसर गाठ पडली ती मुंबईत. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. अमेरिकेहून आलेले क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या वस्तीत ते आधीपासून काम करत होते. हीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’. पुढं १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं आणि अशा संस्थांतून शिकलेल्या मुलामुलींना कारखान्यांची दारं उघडली. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वसाहतींतही ‘वेल्फेअर ऑफिसर’ हे पद कामगारांच्या ओळखीचं आहे.

या परंपरेतली महाराष्ट्रातली ठळक कारकीर्द अनु आगा यांची. त्या मानवशास्त्रज्ञ नव्हेत, पण त्यांचं शिक्षण त्याच्या अगदी शेजारचं. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये अर्थशास्त्र आणि नंतर टिसमध्ये वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य. रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलून दुखण्याची सामाजिक मुळं शोधायला शिकवणारा हा अभ्यासक्रम. १९८५ मध्ये त्या पुण्याच्या थरमॅक्स कंपनीत आल्या. १९९१ पासून मनुष्यबळ विभाग त्यांच्याकडं होता. म्हणजे कंपनीतली माणसं कशी आहेत, काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, हेच त्यांचं काम होतं.

१९९६ मध्ये त्यांचे पती आणि कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा अचानक गेले. अध्यक्षपद अनु आगांकडं आलं. वर्षभराच्या आसपास त्यांचा तरुण मुलगाही अपघातात गेला. त्याच सुमारास उद्योगक्षेत्रात मंदी होती. कंपनीचा शेअर घसरत गेला. एका अनोळखी भागधारकानं त्यांना निनावी पत्र लिहिलं. तुम्ही आमची निराशा केलीत, असा त्याचा आशय होता. त्या पत्रानं आपली झोप उडाली, हे अनु आगांनी पुढं अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. कंपनीच्या मालकीण असलेल्या बाईनं एका नाव नसलेल्या माणसाची तक्रार मनावर घेतली, सल्लागार आणले, संचालक मंडळाची रचना बदलली, मुख्य व्यवसायाशी संबंध नसलेले उद्योग आवरले. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडं सोपवलं.

त्यानंतरचा त्यांचा काळ शिक्षणाच्या कामात गेला. थरमॅक्सचं सामाजिक कामासाठीचं प्रतिष्ठान २००७ मध्ये उभं राहिलं, म्हणजे दोन टक्क्यांचा कायदा लागू होण्याच्या सात वर्षं आधी. कंपनीच्या नावाची नवी चकचकीत शाळा काढणं सोपं होतं. त्यांनी ‘आकांक्षा’ संस्थेबरोबर पुणे महापालिकेच्या शाळांमध्ये काम करणं पसंत केलं. वस्तीतली मुलं जिथं आधीच जातात, तिथंच शिकवणं चांगलं व्हावं हा विचार. ‘टीच फॉर इंडिया’च्या कामातही त्या पुढं होत्या. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. आधी कंपनीतली माणसं आणि मग कंपनीबाहेरची मुलं, असा हा प्रवास झाला.

बागलाणात हे शास्त्र काय करेल?

समजा, एखाद्या कंपनीला बागलाण तालुक्यात पाण्यावर पैसा खर्च करायचा आहे. नकाशा बघून बंधाऱ्याची जागा ठरवणारा अभियंता चांगलाच असेल. पण मोसम आणि आरमच्या खोऱ्यात पाणी वाटण्याची एक जुनी व्यवस्था आहे, फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, फडांत पिकांची फेरपालट आणि पाणी कुणाला कधी द्यायचं हे बघणारा पाटकरी. राखण करायला जागल्या. शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली ही पद्धत काही शतकं टिकली. धरणं झाली, विहिरी आणि मोटारी वाढल्या, तशी ती बऱ्याच ठिकाणी विस्कटली. तरी पाणी कुणाचं, पाळी कुणाची, भांडण कुणी मिटवायचं याची आठवण गावात जिवंत आहे. जी कंपनी ही आठवण विचारून घेईल, तिच्या बंधाऱ्याची देखभाल करायला गावात माणसं असतील. जी नुसता फलक लावून जाईल, तिच्या बंधाऱ्याचे दरवाजे दोन पावसाळ्यांत कोण काढून नेईल याचा भरवसा नाही.

पाहणीची वेळसुद्धा समजून घ्यावी लागते. तालुक्याच्या पश्चिमेला, साल्हेर-मुल्हेरच्या बाजूच्या कोकणा आणि भिल्ल वस्त्यांतून दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात. कुणी द्राक्षबागांत, कुणी ऊसतोडीला. जानेवारीत प्रश्नावली घेऊन गेलेल्या माणसाला कुलूप लागलेली दारं आणि दारात बसलेली म्हातारी माणसं भेटतील, आणि अहवालात ‘लाभार्थी उपलब्ध नाहीत’ अशी ओळ पडेल. मजूर बायांशी बोलायचं असेल तर रात्री चुली शांत झाल्यावर जावं लागेल, आणि अहिराणी किंवा कोकणा लोकांची कोकणी कानाला सरावलेली असावी लागेल.

आता कंपनीच्या आत. सटाणा-देवळा-कळवणचा पट्टा पूर्वहंगामी द्राक्षांसाठी ओळखला जातो. राज्यातल्या इतर भागांच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात इथला माल निघू लागतो. काढणी, विरळणी केलेल्या घडांची छाटसाट, प्रतवारी, पेट्या भरणं, सगळ्यांची धांदल. आणि नेमका हाच काळ मार्गशीर्षाचा, डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचा. कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत पावरीचे सूर घुमतात, भगताच्या मागं रात्र रात्र फेर धरला जातो, व्रत धरलेली माणसं अनेक दिवस उपास आणि कडक नियम पाळतात, आणि पौर्णिमेला डोंगरावर जाऊन व्रत पूर्ण होतं. व्रत घेतलेला माणूस त्या दिवसांत घरीही जेवायला बसत नाही, मग पॅकहाउसमध्ये कसा येईल?

हजेरीपत्रकावर याची नोंद ‘विनापरवाना गैरहजर’ अशी होईल. वरच्या कार्यालयात बसलेला साहेब म्हणेल, इकडचे मजूर बेभरवशाचे. हंगामापूर्वी पाड्यावर जाऊन बसलेला माणूस विचारेल की, यंदा डोंगऱ्या देव कुणाकुणाकडं आहे? कारण हा उत्सव दरवर्षी प्रत्येक गावात सारखा होत नाही, नवसानुसार आणि ठरावानुसार होतो. ते आधी कळलं तर पाळ्या बदलता येतात, शेजारच्या पाड्यावरची माणसं बोलावता येतात, व्रताचे दिवस सुटीत धरता येतात. दिवाळीची सुटी आणि डोंगऱ्या देवाची गैरहजेरी, हा भेद पुसला गेला की त्या मजुराच्या मनात कामाच्या जागेविषयी काय बदलतं, हे सांगायला वेगळी पाहणी करण्याची गरज पडणार नाही. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कामाचं वर्ष माणसांच्या वर्षाशी जुळवून घेणं इथल्या शेतीला माहीत आहे. बाहेरून आलेल्या कंपनीला ते सांगणारं कुणीतरी हवं.

मीठ कुणाचं?

या पेशाचा एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. कंपनीचा पगार घेणारा मानवशास्त्रज्ञ लोकांच्या बाजूचा की कंपनीच्या? व्हेरिअर एल्विनचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. ऑक्सफर्डला शिकलेला हा इंग्रज माणूस १९३२ मध्ये आपला मराठी सहकारी शामराव हिवाळे याच्याबरोबर मध्य भारतातल्या गोंड वस्तीत राहायला गेला. १९४२ मध्ये त्यानं आगरियांवर पुस्तक लिहिलं. आगरिया म्हणजे मातीच्या भट्टीत कोळशावर लोखंड गाळणारी जमात. सरकारी कर आणि कारखान्यातून येणारं स्वस्त लोखंड यांनी त्यांच्या भट्ट्या विझत चालल्या होत्या. त्याच एल्विननं १९५८ मध्ये टाटा पोलाद कारखान्याच्या पन्नास वर्षांची कथाही लिहिली. विझणाऱ्या भट्टीची आणि धगधगत्या भट्टीची, दोन्ही पुस्तकं एकाच हातची.

कामगारांच्या गप्पा ऐकून त्या साहेबाला पोचवणारा माणूस मानवशास्त्रज्ञ नव्हे, हेर होतो. जमीन घ्यायच्या आधी गावातले कोण फुटतील हे शोधून देणं, संघटना बांधणाऱ्यांची नावं काढणं, अशा कामांसाठी ही विद्या वापरली जाऊ शकते. म्हणून या शास्त्रात काही पथ्यं सांगितलेली आहेत. माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायचं, नाव उघड करायचं नाही, ज्यानं सांगितलं त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही. हॉथॉर्नच्या खोलीतलं ‘दोन संचां’चं गुपित कळल्यावर दर कापायचे की नोकरीची शाश्वती द्यायची, हे कंपनी ठरवते. पण पहिला रस्ता घेतला तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही, हे कंपनीला बजावणं मानवशास्त्रज्ञाच्या हातात असतं.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलामुलींना मानवशास्त्र हा विषय ठाऊक होतो तो बहुतेक वेळा यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणून. नोट्स मिळतात, अभ्यासक्रम आटोपशीर, गुण बरे पडतात, एवढीच त्याची ख्याती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. टिसची तुळजापूरची शाखा ग्रामीण विकासाचे अभ्यासक्रम शिकवते. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आदिवासी समाजांवर काम करते. या वाटांनी गेलेल्यांना कंपन्यांच्या सीएसआर विभागांत, त्यांच्या प्रतिष्ठानांत, मूल्यमापन करणाऱ्या संस्थांत आणि मनुष्यबळ खात्यांत काम मिळू शकतं. गरजांची पाहणी, गावाबरोबर आराखडा, परिणामांची तपासणी, कंत्राटी आणि कायम कामगारांमधली दरी, नव्यानं आलेल्या बायकांना पाळीत येणाऱ्या अडचणी, अशी ती कामं असतात.

शहरात वाढलेल्या उमेदवाराला क्षेत्रकार्यासाठी एखाद्या पाड्यावर वर्ष-सहा महिने राहून जे शिकावं लागतं, त्यातलं बरंचसं मुल्हेरच्या किंवा अलियाबादच्या बाजूच्या मुलीला जन्मानं मिळालेलं असतं. भाषा, नाती, हंगाम, देव, कोण कुणाच्या ओट्यावर बसतो आणि कोण बसत नाही. तिला गरज असते ती टिपणं लिहिण्याच्या शिस्तीची, थोड्या सांख्यिकीची आणि आपल्याच गावाकडं जरा लांबून बघण्याच्या सवयीची. हे दोन-तीन वर्षांत शिकता येतं. शिष्यवृत्तीसाठी किंवा प्रकल्पासाठी अर्ज करताना ‘स्थानिक बोलीचं ज्ञान’ या रकान्यात अहिराणी, कोकणी, भिलोरी असं ठळकपणे लिहावं. कंपन्यांनीही आपल्या जाहिरातींत हा रकाना ठेवावा आणि त्याला गुण द्यावेत.